जरा खिडकीकडे बघा

माझ्या बाबतीत कॅमेरा घरात येणं आणि मला फोटो काढता येणं या दोन गोष्टींमध्ये चार वर्षं गेली. २०११ च्या दिवाळीत लेकाने पुण्याहून येताना निकॉनचा डी ३१०० आणला. "आई, रिटायर झालीस, आता वेळच वेळ आहे तुला," असं म्हणून त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि मी तो नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांनी धरला. घरातल्यांना हे सगळं पाठ आहे, पण इथे येणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी पुन्हा सांगते.

कॅमेरा ही वस्तू आमच्याकडे नवी नव्हती. लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे अग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. बाराच असल्यामुळे तो ह्यांच्या गळ्यातून कधी उतरला नाही. महाबळेश्वरला सहल निघाली की "आता सातच उरलेत हं!" अशी घोषणा व्हायची आणि आम्ही सगळे एकदम ताठ उभे राहायचो. त्या आल्बममध्ये मी आहे, मुलं आहेत, नणंदा आहेत. हे मात्र कुठेच नाहीत, एका ठिकाणी गवतावर ह्यांची सावली तेवढी पडली आहे. मला कधी कॅमेरा मागावासा वाटला नाही, ह्यांना कधी द्यावासा वाटला नाही. तेव्हा तशीच रीत होती.

तर, नवा कॅमेरा. चाकावर 'ऑटो' असं लिहिलेलं होतं, त्यावर ठेवून मी वाईभर फिरले. ढोल्या गणपती, गणपती घाट, कृष्णेत धुणं बडवणाऱ्या बायका, नातीचे वाढदिवस, अंगणातली जास्वंद. फोटो यायचे, वाईटही नसायचे. गल्लीत माझं नाव 'कॅमेरावाल्या बाई' पडलं. पण प्रत्येक वेळी ठरवायचा तो कॅमेराच. तिन्हीसांजेला त्याचा फ्लॅश आपसूक टुणकन वर यायचा आणि नातीचं तोंड पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. कधीतरी एखादा फोटो फार सुंदर यायचा, पण "तसाच अजून एक काढ" असं कुणी म्हटलं तर तो येईल की नाही हे मला सांगता येत नसे. वर्गात अशी मुलं असतात बघा. उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत. अशा मुलांना मी अर्धे गुण द्यायची. स्वतःला तरी जास्त का द्यावेत?

त्याच सुमारास, जानेवारी २०१२ मध्ये, होमाई व्यारावाला गेल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आदल्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर पुष्कळ छापून आलं, ते सगळं मी कापून ठेवलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाई साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला लावून नेहरू-माउंटबॅटनांच्या मागे हिंडल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. आणि १९७० मध्ये, धंद्यातल्या नव्या लोकांचं वागणं पटेना म्हणून, त्यांनी कॅमेरा सरळ खाली ठेवला. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं असं मुळीच नाही, साठीत कसलं काय होणार! पण बाईने कॅमेरा धरला म्हणजे हौस म्हणूनच धरला असं नसतं, एवढं त्या कात्रणांनी डोक्यात पक्कं बसवलं.

मला फोटो कशासाठी काढायचे होते ते मात्र आधीपासून माहीत होतं. कारण आमच्या माजघरातच टांगलेलं होतं.

सासूबाई १९९४ मध्ये गेल्या. दहाव्याच्या आत फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा त्यांचा एकटीचा एकही फोटो घरात निघाला नाही. शेवटी धाकट्या नणंदेच्या लग्नातल्या समूह-छायाचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. एका बाजूला कुणाचा तरी खांदा होता, तो रंग देऊन झाकला. पदर नंतर ब्रशने काढलेला. डोळ्यांच्या जागी दोन राखाडी ठिपके. ज्या बाईची नुसती नजर फिरली की चार सुना आणि एक म्हैस गप्प व्हायची, तिचे डोळेच फोटोत नाहीत! त्या फोटोला मी वीस वर्षं हार घातला आणि वीस वर्षं मनात म्हणत राहिले, या आमच्या आई नव्हेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा फोटो असेल. आपल्याकडे माणूस असेपर्यंत त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही, आणि गेल्यावर घाई होते.

शिकायचं ठरवलं तेव्हा मी गावातल्या एका फोटो स्टुडिओत गेले. मालक माझाच जुना विद्यार्थी. आठवीत मागच्या बाकावर बसायचा. त्याने मला एक तासभर चहा पाजला आणि एकच गोष्ट सांगितली. "बाई, तुम्ही आम्हाला सांगायच्या, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. इथं उजेड हा प्रश्न आहे. तो वाचायच्या आधी बटण दाबायचं नाही." मागच्या बाकावरचा मुलगा! मी घरी येऊन दोनशे पानी वही काढली.

वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, उजेड कुठून येतोय, माझा अंदाज, आणि कॅमेऱ्याचं उत्तर. म्हणजे असं की, घाटावर उभं राहायचं, समोर बघायचं, आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी वहीत लिहायचं की इथे झरोका किती उघडायचा आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा. मग कॅमेऱ्याला विचारायचं. पहिल्या महिन्यात दहांपैकी दोन-तीन अंदाज जुळले. वर्षभरात सात-आठ जुळायला लागले. भर उन्हासाठी जुन्या लोकांचा ठोकताळाच आहे. झरोका १६ वर, आयएसओ १००, तर पडदा सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरता उघडा. फिल्मच्या काळात लोक तेवढ्यावर जन्मभर फोटो काढत. कॅमेऱ्यासोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत, आणि माझं बी. ए. मराठीतलं. शब्दकोश शेजारी घेऊन रोज दोन पानं वाचली. 'झरोका' आणि 'पडदा' हे तेव्हा मीच केलेले शब्द. हे म्हणाले, "विश्वकोश वाईतच आहे, पाठव त्यांना."

झरोक्याचे आकडे मात्र आधी उलटे वाटतात. आकडा लहान तर भोक मोठं! नव्याने कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाची इथे गाडी अडते. मला ते चटकन समजलं, त्याचं श्रेय चौथीच्या वर्गाला. अर्धी भाकरी मोठी की अष्टमांश भाकरी मोठी, असं विचारलं की निम्मा वर्ग 'अष्टमांश' म्हणून ओरडतो, कारण आठ मोठे. हे आकडे म्हणजे छेद आहेत, दुसरं काही नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८ ने भागा, जवळपास २८ मिलिमीटरचं भोक, म्हणजे जुन्या मोठ्या रुपयाच्या नाण्याएवढं. १६ ने भागा, तीन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढं. नाण्यातून उजेड भसाभस आत येतो, पण मग डोळे स्पष्ट आणि कान धूसर. दाण्यातून थेंब थेंब येतो, पण जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ. आता सांगा, यात अवघड काय आहे?

दुसरी गंमत पांढऱ्या रंगाची. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणजे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. कॅमेऱ्यातला मीटर बिचारा प्रामाणिक पण ठराविक साच्याचा. समोर जे काही असेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं, बापरे, उजेड फार, आणि तो सगळं काळवंडून टाकतो. निरमा लावून धुतलेला सदरा राखेत लोळवल्यासारखा! काळी चंद्रकळा नेसलेल्या बाईचं याच्या उलट, ती पांढुरकी येते. त्यासाठी अधिक-उण्याचं बटण दिलेलं असतं. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. हे पहिल्यांदा करून बघितलं आणि शेजारच्या आबांची टोपी पडद्यावर टोपीसारखी पांढरी आली, तेव्हा कॅमेऱ्याला "तू गप्प बैस, मला ठाऊक आहे" असं सांगितल्याचा जो आनंद झाला, तो मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

उजेडासाठी कुठे लांब जावं लागलं नाही. आमचा जुना वाडा, मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी. दुपारी बाराला चौकात माणूस उभा केला की डोळ्यांच्या खोबणीत खड्डे पडतात, नाकाची सावली ओठांवर येते. तोच माणूस ओसरीवर दोन हात आत घ्या, तर चौकातल्या फरशीवरून उडालेला उजेड त्याच्या तोंडावर मऊ होऊन येतो. खिडकीपासून एक पाऊल मागे सरलं की उजेड किती झपाट्याने उतरतो, हे मी पाट सरकवत सरकवत वहीत लिहून ठेवलंय. वाईला पश्चिमेला पसरणीचा डोंगर असल्यामुळे सूर्य घड्याळाच्या आधीच आडोशाला जातो. त्यानंतरची अर्धी घटका फार चांगली.

मग एक लेन्स घेतली, पेन्शनमधून. ५० मिलिमीटर, १.८. माझ्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर लेन्सच्याच पोटात असलेली घ्यावी लागते. दुकानातल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. असो.

२०१५ च्या माघात थोरल्या जाऊबाईंनी मला बोलावलं. वय ८३. हृदय दमलेलं, डॉक्टरांनी जिने बंद केलेले. मी बसल्याबसल्या म्हणाल्या, "माझा फोटो काढ. सासूबाईंसारखा नको मला. आणि लवकर काढ, मी काही फार दिवस नाही." अशा गोष्टीला आपण उगाच "असं काय बोलता" म्हणतो. मी नाही म्हटलं. "उद्या सकाळी नऊला येते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर त्या पैठणी नेसून, चष्मा काढून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेल्या. देवळातल्या मूर्तीसारख्या. चष्मा काढल्यामुळे त्यांना मी दिसत नव्हते आणि मला त्या. गेली चाळीस वर्षं त्या चेहऱ्यावर चष्मा होता!

"अहो जाऊबाई, चष्मा घाला."

"फोटोत चमकतो गं."

"मी बघते त्याचं."

चष्मा चमकतो तो समोरच्या खिडकीमुळे. कानांवरच्या काड्या केसभर वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि खिडकी त्यातून निघून जाते. कुणाला पत्ताही लागत नाही. खुर्ची काढायला लावली. खिडकीजवळ त्यांचा रोजचा पाट मांडला, पुढ्यात कापसाचं तबक ठेवलं, "वाती वळा" म्हटलं. पैठणी राहू दे म्हणाल्या, राहू दिली. मागचं कॅलेंडर मात्र काढलं. झरोका २.८, पडदा सेकंदाचा १२५ वा भाग, फोकस खिडकीकडच्या डोळ्यावर. माझे हात साठीनंतर थोडे कापतात, म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास सोडून मगच बटण. ही सगळी तयारी होईपर्यंत त्या मला पूर्ण विसरून गेल्या होत्या. वाती वळता वळता १९५० सालच्या कुठल्याशा मंगळागौरीबद्दल सांगत होत्या. मी म्हटलं, "जरा खिडकीकडे बघा." त्यांनी मान वळवली, त्याच वेळी खाली बोळातून दूधवाल्याची हाक आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते हिशेबाचं भाव, की आज अर्धा लिटर जास्त घ्यावं का. तो फोटो! पडद्यावर न बघताच मला कळलं होतं की आलाय. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, बघायची गरज न लागणं.

पुतण्या मुंबईहून आला, त्याला तो फोटो पटेना. "काकू, आई समोर बघत नाहीये. आणि सुरकुत्या किती दिसतायत." एका दुकानातून त्याने त्याच बैठकीतला समोर बघणारा दुसरा फोटो घासूनपुसून आणला. मागे निळं आभाळ, गाल रबरी बाहुलीसारखे गुळगुळीत, तबक गायब. २०१७ मध्ये जाऊबाई गेल्या तेव्हा हार त्याच फोटोला घातला गेला. मी त्यावर बोलले नाही, आई त्याची होती. पण माझा फोटो मी बदलूनही दिला नाही. "सुरकुत्या काढून द्या काकू," असं त्याने तीनदा म्हटलं आणि मी तीनदा नाही म्हटलं. पूर्वी कुणी काही म्हटलं की मी लगेच पडती बाजू घ्यायची, हे आमच्या माहेरचे लोक सांगतील. वर्षश्राद्धाला गेले तेव्हा दिवाणखान्यात निळं आभाळ होतं आणि स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यांच्या फळीवर, वाती वळणाऱ्या जाऊबाई होत्या. सूनबाई म्हणाली, "काकू, ह्यांनीच लावला. चहा घेताना इथंच उभे राहतात."

त्यानंतर माणसं यायला लागली. वाई, मेणवली, बावधन. "बाई, आमच्या आईचा काढाल?" पहिल्यांदा सगळे आडून बोलतात. बावधनचे एक आजोबा मात्र सरळ म्हणाले, "मेल्यावर लावायचा काढा, टोपी दिसली पायजे." काही म्हाताऱ्या अजूनही म्हणतात की फोटोने आयुष्य कमी होतं. दादासाहेब फाळक्यांचा गुजरातेतला फोटोचा धंदा याच समजुतीमुळे चालला नाही म्हणतात, तेव्हा मी कुणाशी वाद घालत नाही. आधी चहा, मग गप्पा, तासाभराने कॅमेरा बाहेर. पैसे घेत नाही, नारळ चालतो. छापून दिल्याशिवाय मात्र सोडत नाही. मोबाइलमधला फोटो भिंतीवर टांगता येत नाही. आता मोबाइलचे कॅमेरे फार चांगले आहेत, मान्य. पण खिडकीशेजारी पाट मांडायचं काम त्यांना अजून जमत नाही!

२०१८ मध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डाव्याचं व्हायला महिना होता. त्या महिन्यात उजव्या डोळ्याने बघावं तर धोतर पांढरंशुभ्र, डाव्याने बघावं तर तेच चहात बुचकळलेलं. पिकलेलं भिंग पिवळं होतं ना! कॅमेऱ्यात बल्बसाठी वेगळी आणि सावलीसाठी वेगळी खूण का असते, हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. बल्बचा उजेड पिवळा, सावलीतला निळसर, आणि आपलं मन दोन्हींना पांढरं म्हणत राहतं. ते एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून जसं पटलं तसं कुठल्याच पुस्तकाने पटलं नसतं.

२०२१ चा एप्रिल-मे आठवायला नको वाटतं. त्या दोन महिन्यांत मला अकरा फोन आले. माणूस दवाखान्यातून परत आलाच नाही, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, आणि "बाई, तुम्ही काढलेला तो फोटो आहे ना हो तुमच्याकडे?" असे ते फोन. प्रत्येक फोटो होता. वहीत तारीख, वेळ, झरोका, सगळं होतं. संचारबंदीत छापून कोण देणार, म्हणून त्या माझ्या विद्यार्थ्याने अर्धं शटर उघडून रात्री प्रती काढल्या आणि स्वतः दारोदार नेऊन दिल्या. बावधनच्या आजोबांच्या नातवाने फोनवर एवढंच विचारलं, "टोपी दिसतीय ना?" दिसत होती. पांढरी.

ह्यांचे फोटो आता माझ्याकडे दीडशेच्या वर आहेत. झोपलेले, पेपर वाचणारे, माझ्यावर चिडलेले. गवतावरच्या त्या सावलीची सगळी भरपाई करून घेतली आहे मी. हे म्हणतात, "बारा फोटोंत संसार झाला असता तुझा, तर बरं झालं असतं."

आज माझं वय ७४ आहे, आणि डी ३१०० चा रबर सुटून मी तो दोनदा चिकटवला आहे. लेक नवा घेतो म्हणतो, मी अजून नको म्हणते. येत्या गुरुवारी मेणवलीला जायचं आहे. तिथल्या एक आजी ९१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची अट आहे की फोटोत गाय पाहिजे. गोठा पूर्वेला उघडा आहे, म्हणजे सकाळी आठपर्यंत पोचायला हवं. आजी पांढऱ्या लुगड्यात, गाय काळी कपिला, एकाच फोटोत दोन्ही! अधिक करावं की उणे, हे दोन दिवस वहीत मांडते आहे. आजी सांगितलं तिकडे बघतील, गाय कुठे बघेल ते तिथे गेल्यावर कळेल.